संडासाच्या नळीतलं धोतर

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव साली माझं वय अठ्ठावन्न होतं, दारात नवाकोरा संडास होता आणि मी रोज सकाळी टमरेल घेऊन ओढ्याला जात होतो.

यात कुणाला खोट दिसत असेल तर त्यानं आमच्या वस्तीवर येऊन राहून बघावं. कोल्हारच्या अलीकडं, उसाच्या कडेला आमची चार घरं. सकाळी ओढ्याला जायचं ते काही नुसतं तेवढ्यासाठी नसतं. शेजारचा दगडू बरोबर असतो, कांद्याचा भाव कळतो, कुणाची म्हैस व्याली ते कळतं. आतून कडी लावून एकटं बसल्यावर काय कळणार? भिंत? मी तर चार माणसांत सांगून टाकलं होतं, "संडास पोरीसाठी बांधलाय. मी मेलो तरी त्यात बसायचो न्हाई." (मेलेल्याला बसावं लागत नाही, असं दगडू तिथंच म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

पोरगी म्हणजे मंदा. एकुलती एक, श्रीरामपुरात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण विहीणबाईंनी निरोप धाडला, की मंदाच्या पायाला सूज आहे, तिला अंधारात बांधाबांधानं ओढ्याला धाडायची नाही. घरात सोय असेल तर सातव्या महिन्यात आणून सोडते, नसेल तर बाळंतपण इथंच. निरोप ऐकून हिनं, म्हणजे मंदाच्या आईनं, पदर डोळ्याला लावला. मी टिकाव घेतला आणि खड्डा खणायला लागलो. पोरीचं बाळंतपण संडासापायी हातचं जाऊ देणारा बाप मी नव्हे.

मिस्त्रीनं टाकी बांधली, भांडं बसवलं आणि टाकीवर एक उंच नळी उभी केली. "टाकीतला गॅस हिच्यातून वर जातो, हिला हात लावू नका," एवढं सांगून तो गेला.

गॅस हा शब्द त्यानं माझ्यासमोर काढायला नको होता.

कारण पलीकडच्या वस्तीवर शेणाच्या गॅसवर चहा झालेला मी डोळ्यांनी बघितला होता, प्यालोही होतो. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण डोकं शाळेत ठेवून आलो नव्हतो. शेणाचा गॅस पेटतो, तर माणसाच्यानं काय घोडं मारलंय? आणि असला फुकटचा गॅस आभाळात सोडायचा? उद्या मंदा येणार, बाळ होणार, दोघांच्या न्हाण्याला रोज पाणी तापवायचं, शेकायचं. हिला तर चुलीपुढं बसलं की खोकल्याची उबळ येते. साठू दे की तवर! वेळ आली की नळी जोडून सरळ चुलीपाशी आणू.

शिडी लावली, वर चढलो, जुन्या धोतराचा बोळा नळीत गच्च कोंबला, वरून खताची पिशवी चढवली आणि सुतळीनं करकचून बांधली. कुणाला सांगितलं नाही. पोरगी आल्यावर निळा जाळ करूनच दाखवायचा, असं मनात होतं.

संडास वापरणारी तेव्हा एकटी हीच. थोडे दिवस बरे गेले. मग एके दिवशी बाहेर येऊन म्हणाली, की भांड्यातलं पाणी गुडगुड करतंय, आत कुणीतरी बोलतंय. मी म्हणालो, नवं आहे, बसंल हळूहळू. मग वास आला. आधी संडासात, मग पडवीत, मग ताटावर बसलो की भाकरीला! दगडू रोज चहाला यायचा, तो बांधावरूनच रामराम घालू लागला.

मी हार मानणारा नव्हतो. कोल्हारहून फिनेल आणलं आणि अख्खी बाटली भांड्यात रिकामी केली. ही म्हणाली, एवढं नका ओतू. मग तर मी दुसरीही ओतली. वास काही गेला नाही, उलट दोन झाले. डांबराच्या गोळ्या टाकल्या, तीन झाले. उदबत्ती लावली, तेव्हा देवळामागं उकिरडा असल्यासारखं वाटायला लागलं. त्यात ही रोज विचारायची, "अवो, तुमचं ते काठ फाटलेलं धोतर कुठं दिसंना?" मी म्हणायचो, वाऱ्यानं गेलं असंल.

अशात एस.टी.तून मंदा उतरली. गाल भरलेले, पाय सुजलेले, चाल बदकासारखी. मागून विहीणबाई, हातात पिशव्या. हिनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. विहीणबाईंनी नाक एकदा इकडं केलं, एकदा तिकडं केलं, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि पाणीसुद्धा न पिता सरळ संडासात शिरल्या. आतून मोठ्यानं गुडगुड झालं. विहीणबाई पदर नाकाला लावूनच बाहेर आल्या.

"मंदे, पिशवी सोडू नको," त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीनं माघारी जाऊ. ह्या वासात वल्ली बाळंतीण मी ठिवायची न्हाई."

मंदाचा हात पिशवीच्या गाठीवर होता, तो तिथंच राहिला. हिनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळायला घेतले होते, तिचे तुपाचे हात तसेच. खड्डा मी खणला होता, आणि त्यात पडलोही मीच होतो.

विहीणबाईंची नजर वर गेली. "इवाई, नळीला टोपडं कुणी घातलं?"

मी म्हणालो, मी.

"कशापायी?"

"गॅस साठवायला."

"गॅस? आन् करायचं काय त्येचं?"

मी जमिनीकडं बघून म्हणालो, "मंदाच्या न्हाण्याला पानी तापवायचं हुतं. हिला धुरानं खोकला येतो."

मग विहीणबाई ओट्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर नाकावरून डोळ्यांवर गेला, तरी हसणं थांबेना. मंदा हसली, ही हसली. मी तेवढा हसलो नाही. कुणीतरी मान राखायला पाहिजे की नाही?

"उतरवा ते टोपडं," विहीणबाई म्हणाल्या.

शिडी लावली, सुतळी कापली, बोळा उपसला. साठवलेला गॅस मिळाला मला. सगळा, एकदम, तोंडावर! डोळे मिटून धोतर खाली टाकलं, तर खालून हिचा आवाज आला, "सापडलं बाई धोतर."

मग विहीणबाईंनी शेणकाला करायला सांगितला. त्या म्हणाल्या, टाकीत डोळ्याला न दिसणारे किडे असतात, तेच घाण खातात, आणि मी फिनेल ओतून ते मारले होते. त्यांच्या मालकांनीही हेच केलं होतं म्हणे, तेव्हापासून घरात फिनेलची बाटली बंद. वास येतो म्हणून शेण ओतायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना, पण बादलीभर शेणकाला मीच ओतला. गुडगुड थांबली. वास गेला असं म्हणणार नाही, पण वर गेला.

"आनि टाकी उपाशी ठिवायची न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "एकट्या इहीणबाईंनी किती चालवायची? घरातल्या समद्यांनी बसायचं. तुमी बसणार असाल, तर पोरगी ठिवून जाते."

मी म्हणालो, चार माणसांत शब्द दिलाय. मंदा काही वाद घालत बसली नाही. नुसतं "आप्पा" म्हणाली, आणि पिशवीची गाठ सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूनं हाक मारली. मी नेहमीसारखं टमरेल भरून निघालो. उसापाशी आल्यावर म्हणालो, तू हो पुढं, मी जरा पाण्याचं बघतो. मग उसाला वळसा घालून, गोठ्यामागनं वाकत वाकत येऊन संडासात शिरलो आणि कडी लावली. आत बादली, तांब्या, सगळी सोय होती. टमरेलाची गरजच पडली नाही.

बाहेर आलो तर दगडू ओट्यावर बसून मुक्कामाला राहिलेल्या विहीणबाईंबरोबर चहा पीत होता. वास गेल्याची खबर त्याला लागली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टमरेलात बघितलं.

"आप्पा, भरलेलंच परत आनलं?"

मी घाई केली नाही. शांतपणे चार पावलं गेलो, सगळं पाणी समोरच्या बुंध्याशी ओतलं आणि म्हणालो, "झाडाला पानी घालायला गेल्तो."

मंदा पोट धरून हसायला लागली, तेव्हा मी खाली बघितलं. ज्याला पाणी घातलं होतं, तो म्हशीचा खुंटा होता.