झेनोनचं विमान, बोगुमिवाची कात्री

तोरुन शहरातल्या ट्राम कारखान्यात फिटर म्हणून झेनोनचं आयुष्य गेलं, पण जीव अडकला होता कागदी विमानांत. दर हिवाळ्यात छापील कागद कातरून, चिकटवून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक विमान उभं करायचा, आणि बशी मांडीवर घेऊन जेवावं लागतं म्हणून बायको बोगुमिवा त्याच्या नावाने खडे फोडायची.

त्या वर्षी त्याने युद्धाआधीचं लढाऊ विमान करायला घेतलं होतं. पोरवयात विमानतळावर त्याने असल्या विमानांची तेलकट पोटं पुसली होती. पुठ्ठ्याचा सांगाडा उभा राहिला आणि झेनोनला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परतली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. विमान कपाटावर चढलं. झेनोन खिडकीशी गप्प बसून राहायचा. पुढ्यातलं सूप गार व्हायचं.

एका रविवारी प्रार्थनेहून आल्या आल्या बोगुमिवाने विमान खाली उतरवलं आणि शिवणाची कात्री हातात घेतली.

"ठेव ते. विमानातलं तुला काय कळतं?"

"बाही कळते ना! जन्मभर कोटांना बाह्या लावल्या. पंखाचं काय वेगळं असतं? बोल, कुठून कातरू?"

"रेघेवरून. रेघेवरून म्हटलं! अगं, कुंपण छाटतेयस का?"

"ओरड. निदान तोंड तरी उघडलंस."

असं भांडत भांडत काम पुढे सरकलं. मग एकदा तिने डावा पंख उजवीकडे चिकटवला. झेनोन नाही नाही ते बोलला. ती एप्रन भिरकावून शेजारणीकडे निघून गेली.

परतली तेव्हा चुलीवर किटली उकळत होती आणि झेनोन डाव्या हाताने पंख वाफेवर धरून डिंक सोडवत होता. चेहरा घामाने निथळत होता.

"डावा-उजवा मीच उलटा सांगितला," तो म्हणाला.

खरं की खोटं, तिने कधी विचारलं नाही. हातातून पंख घेतला आणि खुर्ची ओढून बसली.

इंजिनाच्या नळकांड्यांवर बारीक खाचा हव्या होत्या. त्या कागदात जमेनात, तेव्हा बोगुमिवाने प्रत्येक नळकांड्याला काळा दोरा एकाशेजारी एक असा गुंडाळला. झेनोन भिंगातून बराच वेळ बघत राहिला.

"मला हे कधी सुचलं नाही गं."

वसंतात संस्कृतिभवनात अशा कागदी प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं. विमानापुढच्या चिठ्ठीवर झेनोनने डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकट्या बोगुमिवाचं नाव लिहिलं होतं.

"अरे, मी नुसती कातरत होते!"

"आणि मी नुसता ओरडत होतो. ओरडणाऱ्याचं नाव लावतात होय?"

बक्षीस एका युद्धनौकेला गेलं. परतताना बोगुमिवा जरा घुश्शातच होती.

"पुढचं चार इंजिनांचं घेऊ," ती म्हणाली.

"चार? तेवढं आयुष्य कुठे उरलंय माझं?"

"मग मरायची घाई करू नकोस."

त्या विमानाला तीन हिवाळे लागले. शेवटचं चाक झेनोनने स्वतः बसवलं, थोडं तिरकं. बोगुमिवाने ते तसंच राहू दिलं.