गव्हाच्या नळ्या

आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, उरलेसुरले दात लोणावळ्याच्या दवाखान्यात काढले तेव्हा मला टाकव्यात सून म्हणून येऊन दीड वर्ष झालं होतं. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. दातांनी त्यांना दोन वर्षं छळलं होतं. गालात लवंग धरून, डोकं फडक्यानं आवळून त्या भातखाचरात उभ्या राहायच्या आणि कुणी काही विचारलं की अंगावर यायच्या. माझं बालपण लोणावळ्यात गेलेलं, वडील तिथं मालधक्क्यावर कारकून होते. त्यामुळे दवाखान्यात त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

दात दोन खेपांत निघाले. तिसऱ्या खेपेला नुसत्या हिरड्या दाखवायच्या होत्या. डॉक्टरांनी त्या चांगल्या भरून आल्याचं सांगितलं. परतीच्या गाडीला वेळ होता आणि आत्याबाई पंधरा दिवस फक्त तांदळाच्या पेजेवर होत्या. चालताना त्यांचा तोल जात होता. वडिलांची बदली झाल्यानं लोणावळ्यात माझं हक्काचं घर उरलं नव्हतं. मग मला स्टेशनाजवळचं पारशीण बाईंचं हॉटेल आठवलं. मी परीक्षा पास झाले की वडील दरवर्षी मला तिथं न्यायचे आणि मी दरवर्षी एकच जिन्नस मागायची, मॅकरोनी. बोटाएवढ्या पोकळ, मऊ नळ्या, दुधाच्या दाट पांढऱ्या रश्शात, वरून चीज घालून भट्टीत तांबूस केलेल्या. लग्नानंतर मला माहेरच्या माणसांइतकीच त्या बशीची आठवण यायची.

आत्याबाई माळकरी. मटण, अंडं त्यांच्या चुलीला माहीत नव्हतं. बाईंनी शपथेवर सांगितलं की यात मांसमच्छी नाही, तेव्हा त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. पहिला घास त्यांनी जिभेवर धरून ठेवला. मग सगळी बशी संपवली आणि बोटानं पुसून घेतली. "लय मऊ हाय गं," एवढंच म्हणाल्या, पण बोळक्या तोंडानं हसल्या. मी त्यांना हसताना फारसं पाहिलंच नव्हतं.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला. शेजारचे आबा पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले. आत्याबाईंनी त्यांना मोठ्या कौतुकानं त्या नळ्यांचं वर्णन सांगितलं. आबांनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "वैनी, ती आतडी असत्यात. सायेब लोक खात्यात. म्या माज्या डोळ्यांनी बघितल्यात."

आत्याबाई उठल्या, आत गेल्या. गळ्यातली तुळशीची माळ काढून त्यांनी देवाजवळच्या खुंटीला अडकवली आणि पाण्याशिवाय काही घेईनाशा झाल्या.   मी त्यांच्यापुढे बसून परोपरीनं सांगितलं की तसं काही नाही. पण त्यांनी विचारलं, मग त्या नळ्या कशाच्या असतात?  इतकी वर्षं आवडीनं खाल्लेली वस्तू कशाची करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाईंच्या शपथेवर माझा विश्वास होता, पण आबांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या दिवशी मीही जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आमच्या यांना बैलगाडी जुंपायला लावली आणि वडगावहून आगगाडीनं आम्ही दोघं लोणावळ्याला गेलो. बाई मुदपाकखान्यातच होत्या. माझं सगळं ऐकून त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. त्यांनी फळीवरची पेटी उघडली. आत कोरड्या, पिवळट, लांब नळ्या रचून ठेवल्या होत्या.

"घऊं छे, दीकरी," त्या म्हणाल्या. "गहू ने पाणी. बीजू काय नाय."

मी एक नळी मोडली. वाळलेल्या शेवईसारखी कटकन तुटली. दाताखाली धरली तर पिठाची चव आली. मला तिथंच रडू फुटलं आणि हे संकोचून बाहेर जाऊन उभे राहिले. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि रस्सा करून दाखवला. लोण्यात थोडा मैदा परतायचा, तांबूस होऊ द्यायचा नाही, मग दूध धारेनं घालत ढवळत राहायचं. चीज म्हणजे दूध फाडून, मीठ घालून मुरवलेलं, हेही सांगितलं. निघताना मूठभर नळ्या पदरात बांधून दिल्या.

घरी येऊन त्या मी आत्याबाईंपुढे ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही. "आतडीबी वाळली की कडकच व्हत्यात," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मग एकच मार्ग राहिला. घरातलाच गहू घेतला, त्यांच्यासमोर जात्यावर दळला, पीठ वस्त्रगाळ केलं, मिठाच्या पाण्यात भिजवलं. शाळेत विणकाम शिकले होते, त्याची एक सुई पेटीत होती. ती धुऊन तिच्यावर पिठाची लाटी पाटावर लाटत नळी करू लागले. पहिली सुईला चिकटून फाटली. दुसरी फाटली. पाचसहा अशाच गेल्या.

आत्याबाई भिंतीकडचं तोंड वळवून बघत होत्या. वाडीतल्या लग्नांच्या शेवया त्यांच्या हातच्या असायच्या. एवढ्या सैल पिठाकडे बघत बसणं त्यांच्यानं होईना.

"पीठ लय सैल क्येलंस," त्या म्हणाल्या. "आण हिकडं."

त्यांनी हात धुतले, कोरडं पीठ घालून गोळा पुन्हा मळला, सुईला पीठ चोपडलं आणि तळहाताच्या एका फेऱ्यात अखंड नळी काढून पाटावर ठेवली. ती उचलून तिच्यातून उजेडाकडे बघितलं. मग दुसरी केली. दहाबारा झाल्यावर मला म्हणाल्या की ही तर आपली शेवईच, नुसतं पोट पोकळ. त्यांनीच आबांना हाक मारली. आबांनी परातभर नळ्या बघितल्या आणि मान खाली घालून कबूल केलं की बसऱ्याला आपण लांबून पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

नळ्या उकडल्या. म्हशीच्या दुधाचा रस्सा केला. चीजऐवजी फाडलेल्या दुधाचा चोथा मीठ लावून वर घातला आणि तव्याचं झाकण ठेवून त्यावर निखारे ठेवले. आत्याबाईंनी आधी माळ गळ्यात घातली, मग वाटी पुढे ओढली. दोन वाट्या जेवल्या आणि तिथंच पाटाशेजारी कलंडून झोपल्या, इतक्या गाढ की घोरणं ओसरीवर ऐकू येत होतं.

मी पातेलं घेऊन बसले. हॉटेलातली चव नव्हती. रश्शात गुठळ्या होत्या, नळ्या जाड होत्या, चोथा रबरासारखा लागत होता. दोन दिवसांची भूक होती. मी बुडाची खरवड काढून सगळं संपवलं.