गाळून उरलेलं पाणी

आज प्रॅक्टिकलला सायलीने गाळलेलं द्रावण खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाली, "मॅडम, यात काहीच उरलं नाहीये. नुसतं पाणी दिसतंय."

बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट एकत्र केलं की पांढरा साका तयार होतो. दोघांपैकी एक आधी संपतं आणि तिथेच सगळं थांबतं. दुसरं त्या नितळ पाण्यात तसंच राहतं, फक्त दिसत नाही. मी तिला ते पाणी दोन परीक्षानळ्यांत घ्यायला लावलं. एकीत तिने सल्फेटचा थेंब टाकला, काही झालं नाही. दुसरीत बेरियमचा टाकला आणि नळी दुधासारखी पांढरी झाली.

"म्हणजे बेरियम संपलं होतं," ती म्हणाली.

जे संपलं, त्याचाच थेंब पडावा लागतो. तेव्हा कळतं, मागे कोण उरलंय.

माझा नवरा जाऊन चार महिने झाले. स्टाफरूममध्ये सगळ्याजणी म्हणतात, छान सावरलीस. मलाही तसंच वाटायचं. डबा भरते, मस्टरवर सही करते, जर्नलं तपासते. परवा चष्म्याच्या दुकानातून फोन आला. तिथली मुलगी म्हणाली, "काकांचा चष्मा कधीचा तयार आहे. त्यांना पाठवताय ना?"

"हो, सांगते त्यांना," मी म्हणाले, आणि फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात खालीच बसले.

तास संपल्याची घंटा झाली. सायलीने विचारलं, "मॅडम, नळी धुऊन ठेवू?"

"राहू दे थोडा वेळ," मी म्हटलं. "आधी ते पांढरं खाली बसू दे."