जाळ्यात राहिलेला लांब काटा

बाय गं, तुला चिठ्ठी लिहायला बसलेय. नायगावच्या त्या उंच इमारतीत राहायला गेलीस आणि ईस्टरलासुद्धा तोंड दाखवलं नाहीस. नात म्हणवतेस ना स्वतःला? जाऊ दे. आता लिहितेय ते नीट वाच.

लग्न होऊन पाचूबंदरला आले तेव्हापासून जाळं निवडायचं काम माझ्याकडे. मासळी काढली की तळाचा कचरा उरतो, तो वेचायचा. त्यात ते काटेरी गोळे येतात, तुझ्या शाळेच्या पुस्तकात सी अर्चिन होतं तेच. गोळा बघून पाणी ओळखायला मला सासूबाईंनी शिकवलं. किनाऱ्याच्या खडकातला गोळा जाड कवचाचा, काटे आखूड. लाटेचा मार खायचा असतो ना त्याला. एकेका खळग्यात दाटीनं बसलेले असतात. जरा आत, चिखलातले निराळे. लांबट, चपटे, अंगावर काटे कसले, नुसती लव. चिखलात स्वतःला पुरून घेतात. आणि फार खोलातला क्वचित एखादाच यायचा. कवच पापडासारखं, काटे सुईहून बारीक, वीतभर लांब. तिथं लाट पोचतच नाही, मग जाड कशाला व्हायचं? वर येईतो फुटलेला असायचा.

तुझे आजोबा त्या खोल पाण्यातच गेले. तिकडे मोठ्या जहाजांची वाट आहे. धुक्यात एकानं बोट उडवली, थांबलंसुद्धा नाही. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारातच तुझ्या बापानं माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला, तेवढ्या लांब जाणार नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात तो जाळं धुऊन घेऊन आला. आमच्यात बायकांनी निवडल्याशिवाय जाळ्याला कुणी पाणी लावत नाही.

मी म्हटलं, "आज काय, माझी कामं करायला लागलास?"

"तुझी बोटं दुखतात ना, आई."

"आनि मासळी कुठली?"

"इथलीच. जवळच्या पान्यातली."

बरं म्हटलं. दुपारी फाटलेला भाग शिवायला बसले तर बोटात टोचलं. गाठीत एक काटा अडकला होता, लांब, केसासारखा. त्याला हाक मारून दाखवला.

"हा जवळच्या पान्यातला?"

त्यानं काट्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "जवळ काय उरलंय, आई? पिशव्या नि बाटल्या. तूच सांग, कुठं जाऊ?"

 काटा काढायला गेले तर चिमटीत मोडला. दुसऱ्या दिवशी तो परत त्याच खोल पाण्यात गेला. आला सुखरूप, पण तोवर मी किनाऱ्यावरच बसून होते.

तुमच्या इमारतीत वॉचमनचं काम आहे म्हणाली होतीस, तेव्हा तो हसला होता. परत विचार त्याला. मला नाही म्हणतो, तुझ्या तोंडावर त्याला नाही म्हणायला जमत नाही. रविवारी बोट किनाऱ्यालाच असते. मी त्याला जेवायला धरून ठेवते. लवकर ये गं बाय, येत्या रविवारीच ये.