गुळाचा खडा

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. फक्त बाबांचे दात आठवले की मान खाली जाते.

बाबा मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात, लोखंडावर मुलामा चढवायच्या प्लेटिंग खात्यात होते. लोखंडी भाग अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवायचे, धुवायचे, पुढच्या टाकीत सोडायचे. वाफेनं घसा जळू नये म्हणून कंपनी रोज प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. तो गालात धरून बाबा पाळी काढायचे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांचे पुढचे दात ठणकायला लागले. गार पाण्याचा घोट घेतला तरी कळ डोक्यात जायची. आई लवंग द्यायची. माझी अक्कल तेव्हा उतू जात होती. म्हटलं, "बाबा, हा गुळाचा प्रताप. गोडानं कीड लागते. सोडा तो गूळ."

"घसा जळतो रे."

"मग दात जातील."

आई म्हणाली, "अहो, कॉलेजात शिकतोय तो. ऐका त्याचं."

बाबांनी ऐकलं. खोकला वाढला आणि दात झिजतच राहिले, पार हिरडीपर्यंत. वर्षभरानं त्यांना ठाण्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं बॅटरी मारून पाहिलं.

"कीड नाहीये ही. कामाला कुठे? अ‍ॅसिडवर?"

संगमरवराचे तुकडे अ‍ॅसिडमध्ये फसफसून विरताना मी प्रयोगशाळेत पाहिले होते, वहीत लिहून सरांची सही घेतली होती. दातातही कॅल्शियमच की! गूळ धरायचे त्या गालाआडच्या दाढा शाबूत आणि वाफ लागणारे पुढचेच दात गेलेले, एवढंही मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

"खातं बदलून घ्या," डॉक्टर म्हणाला. मी इंग्रजीत अर्ज लिहिला. साहेबानं अक्षराचं कौतुक केलं आणि बाबांना त्याच टाकीवर ठेवलं.

वरचे सहा दात काढले. कवळी आली. दुसऱ्या दिवशी कामाला निघताना बाबांनी ती काढून रुमालात गुंडाळली.

"अहो, बोळकं घेऊन जाणार?" आई म्हणाली.

"नवी आहे. वाफेत खराब व्हायची."

त्या वाफेनं कवळीला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण गूळ सोडायला लावणारा मीच. आता कुठल्या तोंडानं सांगणार? निवृत्त होईपर्यंत ते तसेच, बोळक्या तोंडानं पाळीला जात राहिले.