चेंचाच्या घेवड्यात काय काय असतं

सान हासिंतोच्या बाजारात कुठल्या पदार्थात काय घातलंय हे खात्रीने जाणून घ्यायचं असेल, तर लोक दोन्या चेंचाला विचारायचे. दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई'; तिचं पूर्ण नाव क्रेसेन्सिया, वय अठ्ठावन्न. मांस भाजणाऱ्यांच्या धुराच्या पलीकडे, मागच्या रांगेत तिची खानावळ होती. दोन लांब बाकं, निळं मेणकापड घातलेलं टेबल, चार मातीची भांडी आणि एक मोठा मातीचा तवा. एकतीस वर्षं तिने या पसाऱ्यात काही वाढवलं नव्हतं आणि काही कमी केलं नव्हतं.

तिचं नाव झालं ते एका लग्नात. तीनशे पाहुणे होते आणि जेवणाला काळा मोले, म्हणजे वाटलेल्या मिरच्यांचा दाट रस्सा, होता. त्या मोलेच्या मिरच्या जवळजवळ जाळाव्याच लागतात, पण त्या दिवशी एक घाणा जास्तच करपला. तोंड मिटून वाढलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. चेंचा हात पुसत मांडवात गेली आणि नवरीच्या बापाला सगळ्यांदेखत म्हणाली, "मोले करपलाय. कडू लागेल. खायचा तर हे ऐकून खा." लोकांनी खाल्ला. काहींनी दोनदा मागून घेतला. पण त्या दिवसापासून कोणाचं चीज ताजं, कोणाच्या मसाल्यात जुनी मिरची मिसळलीय, हे विचारायला माणसं तिच्याकडे येऊ लागली. तिला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

सप्टेंबरात एका सकाळी तिच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली. नाव दामारिस, तीस-एक वर्षांची, उत्तरेकडच्या तोर्रेओनची. विणकरांच्या गल्लीत लोकर रंगवायला शिकण्यासाठी ती दहा दिवस आली होती.

"दोन्या, मी मांस खात नाही," ती म्हणाली. "दूध, अंडी, चीजही नाही. प्राण्यापासून आलेलं काहीच नाही."

"कधीपर्यंत?"

"म्हणजे?"

"कधी सुटणार?"

"सुटणार नाही. अकरा वर्षं झाली."

चेंचाने तिच्याकडे नीट पाहिलं. तोर्रेओनची माणसं न्याहारीलाही भाजलेलं मांस खातात, असं तिने ऐकलं होतं. तिथली पोर अकरा वर्षं मांसाला शिवत नाही, तर कारण तसंच मोठं असणार. "कोणत्या संताला नवस बोललीस?" तिने आवाज खाली आणून विचारलं.

दामारिस हसली. "संत-बिंत काही नाही. माझं मीच ठरवलं."

चेंचाने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. नवस मोठा असला की माणूस तो चारचौघांत सांगत नाही. तिच्या सख्ख्या भावाने सात वर्षं दारू सोडली होती आणि कशासाठी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिने त्या मुलीला मनातल्या मनात नवसाची माणसं असतात त्या खणात टाकलं आणि पवित्र शुक्रवारी मांस वर्ज्य असताना रांधायची तसं तिच्यासाठी रांधू लागली. त्यातून मासे आणि चीज तेवढं वगळलं.

रोज दुपारी दामारिस यायची. काळा घेवडा, तांबडा भात, निवडुंगाची भाजी, पिवळ्या मोलेत शिजवलेल्या शेंगा, ताज्या भाकऱ्या आणि पाण्यात घुसळलेलं चॉकलेट. तिसऱ्या दिवशी चेंचाने तिला खूश करायला अवोकाडोवर लिंबू पिळून मूठभर तळलेले नाकतोडे पेरले.

"दोन्या चेंचा, हे नाकतोडे आहेत."

"हो, कालच धरलेले. अजून कुरकुरीत आहेत."

"अहो, पण तेही प्राणीच."

चेंचाने वाडग्यात वाकून पाहिलं. "त्यांना रक्त कुठं असतं?"

"जीव असतो ना?"

"जीव मक्यालाही असतो, पोरी. दाणा सांडला तर आम्ही त्याची माफी मागून उचलतो."

आपण नक्की कोणाच्या बाजूने बोललो, ते चेंचालाच कळलं नाही. तिने नाकतोडे एकेक वेचून काढले. दामारिसने मग घेवड्याचं भांडं दाखवलं. "आणि यात काय काय असतं?"

"घेवडा, पाणी, मीठ, लसूण. आणि अवोकाडोचं पान, तव्यावर शेकून."

"बस?"

"बस."

ती खोटं बोलली नव्हती. त्या बाजारातल्या कोणीही तेवढंच सांगितलं असतं. घेवड्यात चरबी घालतात असं तिकडे कोणी म्हणत नाही, कारण चरबी घेवड्यात घालत नाहीत. आधी भांडं चुलीवर चढतं, मग डुकराची चरबी वितळते, आणि मग तिच्यात जे पडतं ते जेवण. कशात शिजवलं हे विचारणं म्हणजे कोणत्या लाकडावर शिजवलं हे विचारण्यासारखं.

गुरुवारी ओतिलिया चरबीचा डबा घेऊन आली. तिचा डुकराच्या मांसाचा गाळा पलीकडच्या रांगेत होता. चेंचाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातावर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि एकमेकींशी बोलताना काही पोटात ठेवत नसत.

"घे, कोमाद्रे. या आठवड्यात दुसरा डबा. आंघोळ करतेस की काय याने?"

"गिऱ्हाईक वाढलंय."

"तुझी ती नवसवाली उत्तरेची राणी अजून येते?"

"रोज येते. म्हणते, सगळ्या गावात फक्त माझ्याकडे शंका न घेता जेवते."

"आणि तिला घेवडा देतेस?"

"देते की."

"यातला?" ओतिलियाने डब्यावर टिचकी मारली.

चेंचा डब्याकडे पाहत राहिली. "चरबी म्हणजे मांस नव्हे," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणते मांस? पण डुकराने ती बाजारातून विकत आणली होती का?" ओतिलिया खो खो हसली, आणि चेंचाचा चेहरा पाहून हसता हसता थांबली. "अगं, सोड. तिला काय कळतंय? गाल बघ कसे वर आलेत पोरीचे."

चेंचाचा दिवस वाया गेला. तिने भातात मीठ दोनदा घातलं. नऊ दिवस. घेवडा नऊ वेळा. भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो, तो सात वेळा. मोलेची मिरची चरबीत परतलेली. ती एकेक भांडं आठवत गेली, आणि जे आठवावं त्यात काहीतरी निघत गेलं. भाकरी तेवढी सुटली. तिच्यात मका, तो मऊ करायचा चुना आणि पाणी. संध्याकाळी पाद्रेसाहेब बाजारात चॉकलेट प्यायला आले, तेव्हा तिने त्यांना गाठलं.

"पाद्रे, उपासाच्या शुक्रवारी चरबी चालते ना?"

"चालते. चरबी कधीच मोजत नाहीत."

"नक्की?"

"नक्की. का, कोणी काही म्हटलं का?"

"पण जिचा शुक्रवार रोज असतो तिला?"

पाद्रेंनी पाव चॉकलेटात बुडवला आणि बराच वेळ धरून ठेवला. पाव तुटून आत पडला. "तो तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न," ते म्हणाले आणि चमचा मागितला.

चेंचाला हे उत्तर पुरलं नाही. नवस त्या मुलीचा होता, पण तो मोडला होता तिच्या भांड्यात. नवस मोडणाऱ्यापेक्षा मोडायला लावणाऱ्याचं पाप जड, असं तिची आई म्हणायची. आणि त्याहून टोचत होतं ते दुसरंच. मुलीने विचारलं होतं, "बस?" आणि तिने म्हटलं होतं, "बस."

शुक्रवारी दामारिस वही घेऊनच आली.

"उद्या जाते, दोन्या चेंचा. आज घेवड्याची कृती लिहून घेणार. आणि विणकरांकडे माझ्यासारखेच मांस-चीज न खाणारे आणखी चौघं आलेत, त्यांना सांगितलंय, डोळे मिटून इथंच जेवा. रविवारी येतील."

"बस आधी," चेंचा म्हणाली.

"सांगा. पहिलं काय?"

वही उघडी होती आणि पेन तयार होतं. घेवडा, पाणी, मीठ, लसूण, पान. एवढं सांगितलं असतं तर त्या मुलीने तोर्रेओनला जाऊन तेलात घेवडा केला असता आणि दोन्या चेंचाच्या हाताची चव काही येत नाही, असं म्हटलं असतं. कोणाचंच काही बिघडलं नसतं. पलीकडच्या रांगेतून ओतिलिया मान लांब करून पाहत होती आणि 'गप्प बस' अशी भुवई उडवत होती.

"पहिलं," चेंचा म्हणाली, "दोन चमचे डुकराची चरबी."

दामारिसने 'दोन' लिहिलं आणि पेन थांबलं.

"घेवड्यात?"

"घेवडा तिच्यात."

"रोज?"

"रोज."

"भात?"

"कोंबडीचं पाणी."

"मोले?"

"मिरची चरबीत परतते. निवडुंगही. तवा पुसते तोही चरबीच्याच फडक्याने," चेंचा म्हणाली, आणि हे बोलतानाच तिला उमगलं की काल हिशेबातून सुटलेली भाकरीही गेली. "भाकरीही गेली," ती म्हणाली.

दामारिसने वही मिटली. तिचा चेहरा पांढरा पडला होता की लाल झाला होता, हे चेंचाला धुरात दिसेना. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. माझ्या ध्यानातच आलं नाही. तू मला चूल कसली आहे असं विचारलंयस, असं वाटलं." चेंचाने पदरासारखा पुढे बांधलेला कपडा सोडला आणि हातात घेतला. "आता सांग, कोणता संत. मोडलं माझ्याकडून, फेडते मी. देवळाच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढते. लांबचा असला तर बसने जाते."

"अहो, संत नाहीये! किती वेळा सांगू?"

"मग माफी कोणाची मागू?"

"कोणाची नाही! म्हणजे, माझी. किंवा..." दामारिस अडखळली. "डुकराची असेल कदाचित. मलाही माहीत नाही."

"डुक्कर तर गेलं," चेंचा म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

दामारिस उठली. जेवली नाही. ओतिलिया येऊन म्हणाली, "झालं समाधान? पोर उपाशी गेली आणि उद्या गावभर तुझं नाव खराब करील." चेंचाने भांडी घासायला घेतली. चार भांड्यांपैकी एकाचीही चरबी निघेना. एकतीस वर्षांची ती मातीत मुरली होती.

शनिवारी पहाटे तिने माळ्यावरून एक कोरं भांडं काढलं, चुन्याच्या पाण्याने पक्कं केलं आणि त्यात घेवडा शिजत टाकला. चरबी नाही. चाखून पाहिला तर आजाऱ्याच्या जेवणासारखा. पान दुप्पट टाकलं, लसूण काळा होईपर्यंत भाजून घातला, सुकी मिरची भाजून कुस्करली. नवा तवा नव्हता, म्हणून भाकऱ्या सरळ निखाऱ्यावर टाकल्या, त्या जागोजाग करपल्या. ओतिलियाने चमचाभर घेवडा चाखला. "वाईट नाही," ती म्हणाली. "पण हा तुझा नव्हे."

बसच्या आधी अर्धा तास दामारिस पाठीला पिशवी लावून आली. निरोप घ्यायला आली की भांडायला, ते तिच्याकडे बघून कळत नव्हतं. चेंचाने विचारलंही नाही. वाडगा पुढे ठेवला.

"यात काय आहे?" दामारिसने विचारलं.

"घेवडा, पाणी, मीठ, लसूण, पान, मिरची." चेंचाने बोटं मोजली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. भांडं कोरं. भाकरी निखाऱ्यावरची. मग तिची नजर हातातल्या लाकडी डावावर गेली. काळाभोर, तुळतुळीत, तिच्या आईचा डाव.

"आणि डाव," ती म्हणाली. "डाव जुनाच आहे. त्यात चरबी असणार. माझी आई होती तेव्हापासूनची."

दामारिसने डावाकडे पाहिलं. वाडगा जवळ ओढला, लांब सारला. पुन्हा ओढला. पिशवी न काढताच बाकाच्या कडेला टेकली आणि खाऊ लागली. सगळा संपवला. जाताना चेंचाचा खांदा दाबला आणि बसकडे पळाली. तिने माफ केलं होतं, की भूक लागली होती, की त्या डावामुळे नवस पुन्हा एकदा मोडला होता, हे चेंचाला ना तेव्हा कळलं ना नंतर.

रविवारी ते चौघं खरंच आले. दामारिसने काय सांगून पाठवलं होतं कोण जाणे, पण हसत आले. चेंचाने त्यांना बसू दिलं नाही. बाकापुढे उभी राहून म्हणाली, "आधी ऐका. चरबी, चरबी, कोंबडीचं पाणी, चरबी. त्या कोऱ्या भांड्यात नाही, पण डाव नवा घ्यायचाय." तिघं बसले. चौथा म्हणाला, तो चॉकलेटच घेईल, आणि चॉकलेटात काय असतं?

"कोको, साखर, दालचिनी, पाणी," चेंचा म्हणाली आणि घुसळायची रवी उजेडात धरून चारी बाजूंनी पाहू लागली.

आता ती सगळ्यांनाच असं सांगते. वीस वर्षं तिच्याकडे जेवणाऱ्या गवंड्यांनाही. "आज काय, दोन्या?" त्यांनी विचारायचा अवकाश, तिची यादी सुरू होते, आणि यादीत पहिली येते चरबी. "माहितेय, बाई, त्यासाठीच येतो," ते ओरडतात. ओतिलिया म्हणते, कोमाद्रेच्या डोक्यावर परिणाम झालाय. चेंचा यादी अर्ध्यावर तोडत नाही. शेवटी "बस?" असं कोणी विचारलं, तर मात्र ती लगेच हो म्हणत नाही. भांड्याकडे वळते आणि पुन्हा मोजायला लागते.