पडद्यावरची टिकली

नानांची आणि माझी ओळख एका टिकलीमुळे झाली. आमच्या दूध संस्थेच्या जळगाव कार्यालयात मी रुजू झाले, तेव्हा संगणक विभागातल्या प्रत्येक मॉनिटरवर एकाच जागी लाल टिकली चिकटवलेली होती.

"यांची पूजा केली का?" मी विचारलं.

"पूजा नाही ताई, पहारा आहे," विभागप्रमुख नाना म्हणाले. सभासदांचा डेटाबेस सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बॅकअप घ्या' आणि 'सगळं पुसा' ही बटणं शेजारी-शेजारी होती. पुसायच्या बटणावर टिकली होती, शाखांमधल्या संगणकांवरही. तरीही अडलं की सगळ्या शाखा नानांनाच फोन करत.

त्या सॉफ्टवेअरची नवी मांडणी माझ्याकडे आली. मी घरातली पहिली पदवीधर. धरणगावला आईला सांगितलं, आता कुणी घाबरत काम करणार नाही. कोण कुठे अडतं, हे नानांनी शेजारी बसून दाखवलं. पुसायचं बटण त्यांच्याच आग्रहाने वेगळ्या पानावर गेलं.

नवी मांडणी सुरू झाली त्या पहिल्याच सकाळी धुळे शाखेतून अक्कांचा फोन आला. "नाना, टिकलीना खाले आते बॅकअप शे. दाबू का नको?"

टिकलीखाली आता बॅकअपचं बटण आलं होतं, तरी तिला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती!

"काढी टाका अक्का. पहारेकरी रिटायर व्हयना," नाना म्हणाले. पहारेकरी निवृत्त झाल्याचं ऐकून सगळे हसले.

पुढच्याच बैठकीत माझं कौतुक झालं, आणि त्याच दमात ठरलं की काम आता सोपं झाल्याने नानांना निवृत्तीनंतर मुदतवाढ नको. त्यांना ती हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. टाळ्या वाजत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती.

"तुम्हाला हे आधीच कळलं होतं ना?" मी नंतर नानांना विचारलं.

"पहिल्या दिवशीच. म्हणून काय तुला चुकीचं सांगू? लेकीच्या हळदीतून दोनदा फोनसाठी उठलोय मी." मग ते हळूच म्हणाले, "करमणार नाही, हे मात्र खरं."

जाताना त्यांनी शेवटची टिकली काढून माझ्या लॅपटॉपवर लावली. ती पाहिली की अजून ओशाळायला होतं. हा लेखही मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे.

नानांना साठीनंतरची उदंड, निरोगी वर्षं लाभोत. कार्यालयाच्या फोनसाठी त्यांना कुठल्याही पंगतीतून उठावं न लागो. मी मात्र फोन करत राहीन. काही अडलेलं नसलं, तरीही.